विचारा की आक्काला : एका खाटेभोवती किती जणं?

या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड आहे आणि निम्म्याच्या वर पत्रं एकाच गोष्टीवर. गेल्या महिन्यात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की मेडिकलची पोरं आणि नर्सिंगची पोरं चार-चार वर्षं एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात खरं एकमेकांचं काम काय ते कुणालाच ठाऊक नसतं. तर ती ओळ बऱ्याच जणांना लागली म्हणायची. आयुष्याची चौतीस वर्षं नर्सिंगमध्ये गेली, त्यातली शेवटची सोळा शिकवण्यात, आता बेळगावात टिळकवाडीत घरी बसून हे सदर लिहिते, त्यामुळं या विषयावर मी गप्प बसेन असं वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही. बाकीचे प्रश्न (केस गळणं, शेजारणीचा नळ वगैरे) पुढच्या महिन्यात.

आक्का, मी बेळगावात एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. वरून सूचना आली की मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, फार्मसी सगळ्यांना एकत्र शिकवा, टीमवर्क आलं पाहिजे. आम्ही मोठा हॉल घेतला, दोनशे पोरं बसवली, पाहुणे बोलावले, दोन तास भाषण झालं, चहा-उप्पीट झालं, ग्रुप फोटो झाला, सर्टिफिकेटं वाटली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळं होतं तसंच. आमचं काय चुकलं?
– एक ट्यूटर, बेळगाव

उप्पीट सोडून सगळंच चुकलं, रागावू नका.

मी तिथं नव्हते तरी सांगते कोण कुठं बसलं होतं ते. पुढच्या खुर्च्यांवर मेडिकलची पोरं, मागच्या तीन ओळींत आपल्या मुली गणवेशात, फिजिओवाले दाराजवळ, आणि फार्मसीवाले उप्पीट कुठं ठेवलंय ते बघायला बाहेर. बरोबर का नाही? एका हॉलमध्ये बसणं म्हणजे एकत्र शिकणं असतं तर आपल्या रेल्वे स्टेशनवर सगळे एकमेकांचे पाव्हणे झाले असते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली यावर एक आराखडा काढला, त्यात व्याख्या अगदी सोपी आहे. दोन किंवा जास्त व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात, म्हणजे कामाला एकी येते आणि पेशंटचं भलं होतं. विषयी, कडून, बरोबर. तुमच्या हॉलमध्ये यातलं फक्त 'बरोबर' झालं आणि तेपण अर्धंच, कारण शिकवणारा एकटा पाहुणाच होता. फिजिओच्या पोराकडून मेडिकलचं पोरगं काही शिकलं का? नाही. मग ते हळदीकुंकू झालं, शिक्षण नाही.

आणि ही काय आजची अक्कल नाही. गॉर्डन ऑलपोर्ट म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की दोन गटांना नुसतं जवळ आणलं म्हणून मनातली अढी जात नाही, त्या वेळेपुरता तरी दोघांचा दर्जा सारखा पाहिजे, काम एकच पाहिजे, ते एकमेकांशिवाय होणार नाही असं पाहिजे आणि वरच्यांचा पाठिंबा पाहिजे. तो बोलत होता काळ्या-गोऱ्यांबद्दल वगैरे, खरं आमच्या वॉर्डाला चपखल बसतं बघा.

आता काय करायचं ते सांगते, मी शेवटची काही वर्षं करत होते तेच. दोनशे नको, पाच पोरं घ्या. एक एमबीबीएसचा, एक नर्सिंगची, एक फिजिओ, एक फार्मसी, एक आहारशास्त्राची मिळाली तर सोन्याहून पिवळं. आणि त्यांना हॉलमध्ये न्यायचं नाही, खाटेपाशी न्यायचं. पेशंटची परवानगी आधी घ्यायची, त्याला सांगायचं की मामा ही पोरं शिकालीत, तुमच्याकडनं शिकणार आहेत.

एकदा चिकोडीकडचे एक मामा होते, अठ्ठावन्न वर्षांचे, ऊस लावणारे, लकवा मारलेला, उजवी बाजू गेलेली. पोरांना सांगितलं की बोलू नका, प्रत्येकानं मामांना तपासा आणि चिठ्ठीवर एकच ओळ लिहा, यांची सगळ्यात मोठी अडचण काय. मेडिकलच्या पोरानं लिहिलं बीपी आणि शुगर, दोन्ही कंट्रोलमध्ये नाही. नर्सिंगच्या मुलीनं लिहिलं की पाणी पिताना ठसका लागतोय आणि कमरेखाली कातडी लाल व्हायला लागलीय. फिजिओवाल्यानं लिहिलं, धरून उभे राहतात खरं पाय ओढतात, पडणार. फार्मसीच्या मुलीनं मामींची पिशवी उघडून बघितली होती, तिनं लिहिलं की घरी दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या चालू होत्या आणि दोन्हीच्या आत औषध एकच. आहारवालीनं लिहिलं, दात नाहीत, भाकरी चावत नाहीत, चहात बुडवून बिस्किटावर जगलेत.

चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायला लावल्या. ठसक्याची ओळ वाचली तेव्हा मेडिकलचं पोरगं विचारतंय, ठसका एवढा मोठा का? त्याला लकव्याचं सगळं पाठ होतं, मेंदूतली कुठली रक्तवाहिनी ते नावासकट. खरं लकव्याच्या पेशंटला तोंडानं काही द्यायच्या आधी गिळता येतंय का ते बघायचं असतं, नाहीतर पाणी-अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, आणि वॉर्डात ते बहुतेक वेळा सिस्टर बघते, हे त्याला त्या नर्सिंगच्या मुलीनं सांगितलं, मी नाही. हे झालं 'एकमेकांकडून'.

मग शेवटी मामांनाच विचारलं, तुमची सगळ्यात मोठी अडचण काय? मामा रडले. म्हणाले, संडास परसात हाय, दोन पायऱ्या हायत, धरायला काय नाही, सुनेला हात धरून न्यायला लावायचं का मी? पाच चिठ्ठ्यांत संडास कुणाच्याच नव्हता. एका मिनिटात पाचही जणं एका पातळीवर आली, कारण पाचही जणं नापास झाली होती. त्यानंतर त्यांनी मिळून एकाच कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरात घरी जाताना काय करायचं ते लिहिलं. गोळ्या कुठल्या बंद, पाणी कसं घोटाघोटानं पाजायचं, कूस कधी बदलायची, आणि पायरीला बांबूचा कठडा व खुर्चीचं कमोड. मामींना वाचून दाखवलं. सगळं मिळून पाऊण तास. उठताना दोन प्रश्न विचारायचे, दुसऱ्याच्या कामातलं आज नवीन काय कळलं, आणि कुठं बोलायचं होतं खरं बोलला नाहीस. दुसऱ्या प्रश्नाला नर्सिंगच्या मुली पहिल्या दोन खेपा गप्प असतात. तिसऱ्या खेपेला बोलतात. म्हणून एकदाच करून सोडायचं नाही.

टाइमटेबल जुळत नाही म्हणाल, ते मला माहितीय, सगळीकडं तीच रड आहे, आपल्या मुली सकाळी लवकर वॉर्डात, मेडिकलची पोरं नंतर, फिजिओ तिसऱ्याच बिल्डिंगमध्ये. महिन्यातनं एक तास तरी प्राचार्यांनी एकमेकांना फोन करून काढावा. स्वीडनमध्ये लिंकोपिंग विद्यापीठानं १९८६ पासून सगळ्या शाखांची पोरं सुरुवातीलाच एकत्र घेतली आणि १९९६ मध्ये तर एक वॉर्डच विद्यार्थ्यांच्या टीमला चालवायला दिला, शिक्षक मागं उभे. आपल्याकडं वॉर्ड नको, एक खाट द्या. आणि ज्याला मार्क नाहीत ते आपली पोरं शिकत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगायचं, लॉगबुकात एक पान त्याचं ठेवा. एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात डॉक्टर म्हणजे टीमचा नेता आणि सदस्य दोन्ही असं सरळ लिहिलंय, तेव्हा मेडिकलवाले नाही म्हणू शकत नाहीत, त्यांना त्यांचाच कागद दाखवा. ते 'नेता' तेवढं वाचतात आणि 'सदस्य'पाशी पान उलटतात.

एक राहिलंच, आणि खरं म्हणजे हे पहिलं सांगायला पाहिजे होतं. शिक्षक दोन पाहिजेत, दोन वेगळ्या शाखांचे, आणि त्यांनी पोरांसमोर एकमेकांना विचारलं पाहिजे. आमच्याकडं एक प्रोफेसर होते, राउंडला खाटेपाशी आले की फाइल हातात घ्यायच्या आधी म्हणायचे, रात्री काय झालं ते आधी सिस्टर सांगतील. बस, एवढंच. महिन्याभरात त्यांचे इंटर्न राउंडच्या दहा मिनिटं आधी येऊन सिस्टरांना विचारायला लागले, रात्री काय झालं हो? कुणी भाषण दिलं नव्हतं.

मी इंटर्न आहे. ओटीमध्ये सिस्टरनी सगळ्यांसमोर मला थांबवलं, म्हणाल्या डॉक्टर तुमचा हात ट्रॉलीच्या कडेला लागला, ग्लोव्ह्ज बदला. मला तसं वाटलं नव्हतं. त्याच्या आधी ऑपरेशन सुरू करताना प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं म्हणून मलापण सांगायला लावलं, शाळेसारखं. सर्वांसमोर अपमान झाला. तक्रार करावी का?
– एक इंटर्न, खानापूर

करा की. काय लिहिणार त्यात? "सिस्टरनी पेशंटला इन्फेक्शन होऊ दिलं नाही, चौकशी व्हावी"?

हात लागला का नाही ते तुम्हाला कळणारच नाही, तुम्ही जखमेकडं बघत होता, ट्रॉलीकडं बघणं हे तिचं काम आहे. शंका आली की ग्लोव्ह्ज बदलायचे, वाद घालायचा नाही, हा नियम मोठ्या मोठ्या सर्जनलासुद्धा आहे.

आणि नाव सांगायचं ते शाळेसारखं नाही हो. आरोग्य संघटनेची सर्जरीची चेकलिस्ट आहे, एकोणीस कलमांची, त्यातलंच ते एक आहे, चीर देण्याआधी सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं. आठ देशांतल्या आठ शहरांत ती वापरून बघितली, त्यात आपली दिल्लीपण होती, आणि २००९ मध्ये निकाल छापून आले, ऑपरेशननंतरचे मृत्यू शंभरात दीडवरून शून्य पूर्णांक आठवर आले आणि गुंतागुंत अकरावरून सातवर. नुसत्या नाव सांगण्यानं नाही, सगळ्या कलमांनी मिळून. खरं एकदा तोंड उघडून नाव सांगितलेला माणूस पुढं काही चुकताना दिसलं तर दुसऱ्यांदा तोंड उघडतो, गप्प बसलेला शेवटपर्यंत गप्पच बसतो, हे मी ओटीत उभं राहून बघितलंय.

उद्या जाऊन त्या सिस्टरना थँक्यू म्हणा. त्यांचा आवाज चढला असेल तर तेवढं त्यांचं चुकलं, ते मी मान्य करते, आमच्यातल्या काही जणींना वर्षानुवर्षं ऐकून घेऊन घेऊन आवाज हळू करताच येत नाही. खरं तुम्ही वर्षभरात तिथनं जाणार, त्या तिथंच असणार, दोस्ती करून ठेवा, फायद्यात राहाल.

मी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाइटला पेशंट बरा वाटत नसला की ड्युटी डॉक्टरना फोन करावा लागतो. ते झोपेतनं उठतात, "मग मी काय करू?" म्हणतात, आणि मला काही सुचतच नाही, मी सॉरी सर म्हणून ठेवते. मग रात्रभर भीती वाटते. कसं बोलायचं?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

बाळ, तुझं पत्र वाचून मी दहा मिनिटं उठून बाहेर जाऊन बसले. कारण हे माझं झालेलं आहे. नोकरीचं दुसरं वर्ष, दवाखाना कुठला ते सोड, ऑपरेशन झालेल्या एका बाईची लघवी कमी कमी होत चालली होती, मी दर तासाला लिहीत होते, आकडे व्यवस्थित, अक्षर सुंदर. फोन केला नाही. आदल्या रात्री त्याच डॉक्टरांनी फोनवर झापलं होतं. सकाळी राउंडला कळलं तेव्हा धावपळ झाली, बाई वाचली, खरं बरेच दिवस जास्तीचे दवाखान्यात काढले तिनं. माझं अक्षर बघून कुणी मला शाबासकी दिली नाही.

"मग मी काय करू" या प्रश्नाचं उत्तर फोन करायच्या आधी आपल्याकडं तयार पाहिजे. ते डॉक्टर पण वाईट नसतात गं, चोवीस तास झालेले असतात, झोपेत कुणी "सर पेशंट बरा वाटत नाही" म्हटलं तर डोक्यात काहीच चित्र उभं राहत नाही. आपण गोष्ट सांगतो, त्यांना मथळा पाहिजे असतो. नर्सिंगला आपल्याला वर्णन करायला शिकवतात, मेडिकलला निदान करायला, दोघांची भाषाच वेगळी, आणि ती जुळवायला कॉलेजात कुणी शिकवत नाही.

त्यासाठी एक पद्धत आहे, एसबीएआर म्हणतात, अमेरिकेच्या नौदलात पाणबुड्यांवर निरोप द्यायची रीत होती तिथनं दवाखान्यात आली. चार पायऱ्या. आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतंय, तुम्ही काय करायला पाहिजे. कागदावर लिहून मग फोन उचल. असं म्हणायचं:

"सर, मी फिमेल सर्जिकलमधनं बोलतेय, बेड बाराच्या पेशंटसाठी. बीपी नव्वद-साठ आहे, पल्स एकशेचोवीस. काल दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय, संध्याकाळी बीपी एकशेवीस होतं, गेल्या चार तासांत लघवी फक्त चाळीस एमएल. मला आत ब्लीडिंग होत असावं असं वाटतंय. सर तुम्ही आत्ता येऊन बघायला पाहिजे. तोवर सलाईन वाढवू का आणि रक्ताची तयारी ठेवू का?"

अर्धं मिनिट लागतं, घड्याळ लावून बघ. यातलं तिसऱ्या पायरीचं वाक्य म्हणायला आपल्या पोरींची जीभ रेटत नाही, मला वाटतंय असं म्हणायला. आम्हालाच तसं वळण लावलं होतं, की तू बघ, लिही, सांग, वाटून घेऊ नको. अगं वाटू दे की! चुकलं तर चुकलं, डॉक्टर येऊन बघतील आणि म्हणतील नाही. ते जे सांगतील ते परत म्हणून दाखव, "म्हणजे सलाईन पाचशे एमएल वेगात, बरोबर सर?", झोपेतला आकडा आणि फोनवरचा आकडा दोघांवर विश्वास ठेवायचा नाही.

आणि तरी "सकाळी बघू" म्हणाले तर? एकदा परत सांगायचं, शब्द बदलून: सर मला काळजी वाटतेय, हे पेशंटसाठी सेफ नाही. दोनदा सांगून हलले नाहीत तर वरच्याला, म्हणजे पीजी किंवा रजिस्ट्रार किंवा नाइट सुपरवायझरला, फोन करायचा आणि तसं सांगूनच करायचं, चोरून नाही. ही माझी बंडखोरी नाही, टीम ट्रेनिंगमध्ये असंच शिकवतात, आणि वेळेसकट फाइलला लिहून ठेवायचं.

एकटीनं आरशासमोर सराव करू नको. तुझ्या हॉस्टेलसमोर मेडिकलची पोरं असतील ना, त्यातल्या एकाला दोन चहा पाज आणि म्हण, तू झोपेतला डॉक्टर हो. ते पोरगं दोन वर्षांनी खरोखरच झोपेतला डॉक्टर होणार आहे, त्याचापण सराव होईल. चिडचिडा डॉक्टर करायला त्यांना फार आवडतं, नंतर अदलाबदल करा, मग मजा बघ.

माझा मुलगा फिजिओथेरपी करालाय. लोक म्हणतात जन्मभर डॉक्टरच्या हाताखालीच राहणार. खरं आहे का?
– एक वडील, अथणी

फिजिओ, लॅब, रेडिओलॉजी अशा शाखांसाठी २०२१ मध्ये वेगळा राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, म्हणजे नोंदणी, अभ्यासक्रम यांना स्वतःचा पाया आला. हाताखाली का बाजूला ते कायद्यापेक्षा मुलाच्या हातावर आहे. गुडघा बदललेल्या पेशंटला विचारा, सर्जनचं नाव पट्कन आठवत नाही, फिजिओचं नाव शिव्यांसकट आठवतं. लोकांचं ऐकू नका, पोराला कन्नड नीट बोलायला शिकवा, अथणीत तेवढं येतच असेल म्हणा.

मी आशा आहे. आता टीम टीम म्हणालेत सगळे, मीटिंगला बोलावतात, डॉक्टर बोलतात, सिस्टर लिहितात, आम्ही मागं बसून सही करून येतो. आमचं काय काम टीममध्ये?
– एक आशाताई, खानापूर तालुका

ताई, तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते, तुमच्या एएनएम सिस्टरांची, म्हणजे उपकेंद्रावरच्या नर्सांची. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक मोठा अभ्यास झाला, इथलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि अमेरिकेतले संशोधक मिळून. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बाया मरतात, आणि त्यावरचं नेहमीचं औषध ऑक्सिटोसिन, ते इंजेक्शनचं आणि थंड ठेवावं लागतं, जंगलातल्या उपकेंद्रात लाइट जाते तिथं फ्रिज कुठला. मग मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, ज्यांना फ्रिज लागत नाही, त्या बाळंतपण करणाऱ्या एएनएमनं तोंडानं दिल्या तर? १६२० बाया होत्या, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच. रक्तस्राव शंभरात बारांवरून साडेसहाच्याही खाली आला, ६.४. हे २००६ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, जगभर वाचलं गेलं.

आता त्यात मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. रक्त किती गेलं ते डोळ्यांनी बघून सांगितलं की कमीच सांगितलं जातं, डॉक्टर असो की दाई. म्हणून त्यांनी बाळंतिणीच्या खाली खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली, रक्त त्यात जमा होतं, आकडा दिसतो. आकडा एएनएमच्या हातात आल्यावर तिला कुणाला "मला वाटतंय जास्त जातंय" असं घाबरत सांगायला नको, पिशवी सांगते. खुणांच्या अशाच पिशव्या लावून आणि सिस्टर-दाईंनी लगेच उपचार सुरू करायचे असं ठरवून २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत मोठा अभ्यास आला, त्यात गंभीर रक्तस्रावाचा धोका साठ टक्क्यांनी कमी झाला. डॉक्टर यायची वाट न बघता.

म्हणजे टीम म्हणजे सगळ्यांनी मीटिंगला बसणं नाही, जो तिथं आहे त्याच्या हातात करायला काहीतरी देणं. तुम्ही तिथं असता. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा तुम्ही त्या घरात जाता, चूल कुठं आहे, सासू काय खायला देत नाही, नवरा दारू पितो का, बाळ अंगावर नीट ओढतं का, हे तुमच्याशिवाय त्या टीममध्ये एकालापण माहीत नाही. पुढच्या मीटिंगला सही करायच्या आधी एका घराचं दोन वाक्यांत सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

आणि हे वाचणाऱ्या मेडिकलच्या शिक्षकांना एक: आता एमबीबीएसच्या पोरांना खेड्यातली कुटुंबं दत्तक घ्यायची असतात, बसनं येतात, बीपी मोजतात, फोटो काढतात, जातात. त्यांच्याबरोबर एक नर्सिंगची मुलगी द्या आणि पुढं आशाताईला चालू द्या. पोरांनी मागनं जायचं, चपला काढून. दारात कोण बोलतं आणि कोण गप्प राहतं एवढं बघून आले तरी खूप शिकतील.

आईला दवाखान्यात ठेवलं होतं. आई फक्त मराठी बोलते, मोठे डॉक्टर इंग्रजी आणि कन्नड, सिस्टर केरळच्या. सगळी चांगली माणसं खरं आईचं काय दुखतंय ते तीन दिवस कुणाला कळलं नाही. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशीनं सिस्टरना कन्नडात समजावून सांगितलं. मावशी टीममध्ये येते का हो? तिला दोनशे रुपये देऊ केले, घेतले नाहीत. तिला काय द्यावं?
– एक वाचक, येळ्ळूर

येते. सगळ्यात आधी येते.

आपल्या भागात पेशंटच्या तोंडात एकच वाक्य तीन भाषांतनं येतं आणि भाषेच्या राजकारणावर इथं शंभर वर्षं बोलता येईल, ते मी बोलणार नाही, खाटेवर झोपलेल्याला सीमाभाग नसतो. खरं एक आठवण सांगते. एक आजी कॅज्युअल्टीत आल्या, म्हणाल्या "जीव घाबरा होतोय". बाहेरच्या राज्यातनं आलेल्या इंटर्ननं कुणाला तरी विचारून शब्दाचा शब्द अर्थ लावला, घाबरणं म्हणजे भीती, आणि कागदावर लिहिलं अँग्झायटी. शेजारी खानापूरची नर्सिंगची विद्यार्थिनी उभी होती, तिसऱ्या वर्षाची, ती म्हणाली सर, आमच्याकडं जीव घाबरा होतोय म्हणजे भीती वाटतेय असं नाही, ईसीजी काढूया का? काढला. हार्टचं निघालं. त्या इंटर्नचं मोठेपण असं की त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, हे मला हिनं सांगितलं.

तेव्हापासून मी पोरांकडनं वही करून घ्यायची. मराठीतलं पोटात गोळा येतोय, छातीत भरून आलंय, डोक्याला मुंग्या, कसंतरीच होतंय. कन्नडातलं होट्टी ब्यानी म्हणजे पोट दुखतंय, एल्ली ब्यानी ऐती म्हणजे कुठं दुखतंय. ज्याला ज्या भाषेतलं येतं त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, केरळच्या मुलींना आमच्या मुलींनी, मराठी मुलींना गोकाकच्या पोरांनी. त्यात डॉक्टर-सिस्टर असा फरकच उरत नाही, ज्याला शब्द येतो तो मास्तर. आणि घरच्या लहान पोराला मध्ये घालून दुभाषा करायचं नाही, आई पोरासमोर लाजेखातर निम्मं सांगतच नाही. तुमच्या मावशीनं काम केलं ते चांगलंच, खरं तिच्यावर सोडून देणं बरोबर नाही, तिला कुणी तसं शिकवलेलं नाही आणि त्याचा पगारही देत नाही.

काय द्यावं म्हणता, तर कुंदा न्या, आपली बेळगावची मिठाई. खरं डबा नर्सिंग स्टेशनवर ठेवू नका, तिथं ठेवलात तर मावशीपर्यंत पोचेस्तोवर रिकामा होतो, मला अनुभव आहे, मीच रिकामा करणाऱ्यांत असायची. तिच्या हातात द्या, आणि नाव विचारून घ्या.